शेवटच्या सीनमधली साडी

शेखर : बंद कर, बंद कर! कावीळ झालीय का सगळ्यांना? ही माणसं आहेत की पिकलेली केळी?

हर्षाली : बाबा, यातलं मी काही केलेलं नाही. ही व्हीसीडी आहे, जशीच्या तशी. मी अजून हातसुद्धा लावला नाहीये.

शेखर : मग लाव की! दोन आठवडे झाले, नुसती माऊस फिरवत बसलीयस. रविवारी वाचनालयाच्या हॉलात दोनशे माणसं येणार आहेत 'लांबची पाणंद' बघायला. चाळीस वर्षांनी अख्खा सिनेमा दाखवतोय आपण.

हर्षाली : अख्खा म्हणजे तीन तुकडे शिवून. डीव्हीडीत रंग चांगले आहेत, पण शेवटची बारा मिनिटंच नाहीत. व्हीसीडीत शेवट आहे, पण कावीळ. आणि तुमच्या कॅसेटमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं आहे, पण रंग धुऊन गेलेत. मूळ रीळ कुणाकडे शिल्लक नाही. मग मी तिन्हींचे रंग एकमेकांना जुळवणार नाही तर काय करणार? हिरॉईन झुंबर घरातून निघताना गुलाबी दिसेल आणि बांधावर पोचेपर्यंत हिरवी?

शेखर : डीव्हीडी काढणाऱ्याचं तर नावच घेऊ नकोस. शेवट कापतात का कधी? मागचा भात वाढायच्या आधीच ताट उचललं गाढवांनी. आणि तुम्ही हल्लीची पोरं! लग्नाच्या व्हिडिओत नवरीला पिठात बुडवून काढता, तिच्या आईलासुद्धा ओळखू येत नाही. तुम्ही मला रंग शिकवणार!

हर्षाली : शिकवत नाहीये. एक गोष्ट दाखवायचीय, ती शांतपणे बघणार का?

शेखर : दाखव. बघू काय दिवे लावलेत.

हर्षाली : शेवटच्या सीनमधली झुंबरची साडी पांढरी नाहीये.

शेखर : काय?

हर्षाली : पिवळी आहे. फिकट, लिंबासारखी.

शेखर : व्हीसीडीत कुत्रंसुद्धा पिवळं दिसतंय! मघाशीच म्हणालो ना मी, कावीळ? म्हणे साडी पिवळी. झुंबर विधवा आहे, हर्षाली. अख्खा सिनेमा त्यावर आहे. शेवटी ती सासर सोडून पाणंदीने निघते, पण अंगावर पांढरं. घर सोडते, कुळ सोडत नाही. यात सगळं आलं. माझं रविवारचं भाषण यावर आहे. पुस्तिका छापून आलीय, 'शुभ्र शेवट'. वर नाव कुणाचं आहे? शेखर कदम. आणि तू म्हणतेस पिवळी!

हर्षाली : मी नाही म्हणत, एसटी म्हणतेय.

शेखर : एसटी?

हर्षाली : पाणंद संपते तिथे आग्रा रोडवर एसटी उभी आहे, दिसतेय? ही एसटी डीव्हीडीतही आहे, मधल्या बाजाराच्या सीनमध्ये. तीच गाडी, तोच नंबर. तिथे ती बरोबर लाल दिसते. म्हणून मी व्हीसीडीतली एसटी त्या लाल रंगावर आणली. ती लाल झाली की झाडं आपोआप हिरवी झाली, माती मातीसारखी झाली, कावीळ गेली. आणि साडी? बघा. सगळं जागेवर आलं, तरी साडी पिवळीच राहिली.

शेखर : एसटीचा रंग डेपोतला कुठलाही पेंटर दारू पिऊन मारायचा. त्याच्यावर तू सिनेमा तोलणार?

हर्षाली : बरं, एसटी सोडा. आता तुमची कॅसेट बघा. हा मैलाचा दगड. आग्रा रोडचा आहे, वर पिवळा आणि खाली पांढरा असणार. तुमच्या कॅसेटमध्ये कसा दिसतो?

शेखर : जरा फिकट आहे.

हर्षाली : अख्खा पांढरा आहे, बाबा. पिवळा रंगच उडालाय कॅसेटमधून. दगडाचा उडाला, तसाच साडीचा.

शेखर : माझ्या कॅसेटला नाव ठेवायचं काम नाही! इंदिरानगरात तेव्हा चार घरं होती आणि एक माझी व्हिडिओ लायब्ररी. पार पेठहून लोक यायचे कॅसेट न्यायला. शेखर कदमकडची कॅसेट म्हणजे आरशासारखी, असं म्हणायचे. तुला जन्म घ्यायचा होता अजून.

हर्षाली : थिएटरला पाहिला होतात का तुम्ही हा सिनेमा?

शेखर : मला वेळ कुठे होता? लायब्ररी कोण बघणार होतं, तुझा आजा?

(यशोदाबाई चहाचे तीन कप घेऊन येतात आणि स्क्रीनकडे न बघता टेबलावर ठेवतात.)

यशोदाबाई : ओरडून झालं असेल तर चहा घ्या. खालच्या पाटलीणबाई विचारत होत्या, वर भांडण आहे की सिनेमा.

शेखर : ये, यशोदा, तूच सांग हिला. माझी बहीण आहे म्हणून नाही, खरं ते सांग. 'लांबची पाणंद'मध्ये शेवटी झुंबर काय नेसून जाते?

यशोदाबाई : मला कशाला मधे घेतोस? चहा पी.

शेखर : अगं, तू माझी साक्षीदार आहेस! हर्षाली, ही तुझी आत्या. तेविसाव्या वर्षी कपाळ मोकळं झालं. पुढे काय करायचं ते कळेना, तेव्हा आपल्या घरात बसून हाच सिनेमा बघितला आम्ही सगळ्यांनी. आणि त्या शेवटाकडे बघून हिने आयुष्य काढलं. आजही रंगीत नेसत नाही. भाषणात सांगणार आहे मी हे. नाव न घेता.

हर्षाली : आत्याला विचारलंत, भाषणात सांगू का म्हणून?

शेखर : चांगलंच सांगणार आहे, त्यात विचारायचं काय?

यशोदाबाई : हो ना. विचारायची पद्धत नाही आपल्यात.

हर्षाली : आत्या, तुम्ही सगळ्यांनी घरी पाहिली ती कॅसेट हीच का? हिच्या लेबलवर 'घरची' असं लिहिलंय.

यशोदाबाई : अक्षर माझं आहे. दुकानात कॅसेटी गुंडाळायला मीच बसायचे ना. मूळ कॅसेट कपाटात कुलपात. तिची कॉपी गिऱ्हाइकाला. कॉपीची कॉपी घरी. घरचे कुणाकडे तक्रार करणार?

शेखर : धंद्यात तसंच करावं लागतं. गिऱ्हाईक परत आलं पाहिजे. घरचे कुठे जातात?

हर्षाली : म्हणजे तुम्ही आयुष्यभर कॉपीची कॉपी बघून भाषणं ठोकलीत? मूळ कॅसेट कधी लावून बघितलीच नाहीत?

शेखर : बघितली नाही कशी? दुकानात लावून तपासल्याशिवाय मी एकही कॅसेट घेत नसे.

यशोदाबाई : दुकानातला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, दादा.

हर्षाली : अरे देवा.

शेखर : हसू नकोस. हसण्यासारखं काय आहे? टीव्ही कसला का असेना, घरी कलरवर सगळ्यांनी पाहिलंय. आबांनी, आईने, हिने. सगळ्यांना पांढरी दिसली. सगळे आंधळे होते का? यशोदा, एका शब्दात सांग, पांढरी होती की नाही?

यशोदाबाई : घरी पांढरी होती.

शेखर : ऐकलंस?

हर्षाली : घरी म्हणजे? दुसरीकडे कुठे पाहिलास तू, आत्या?

यशोदाबाई : मनमाडला. टॉकीजमध्ये. कॅसेट यायच्या आधी दोन-तीन महिने.

शेखर : तू? टॉकीजला? कुणाबरोबर?

यशोदाबाई : बघ, पहिला प्रश्न तोच आला. सत्तरीला आलास तरी. लंकामावशीकडे राहायला गेले होते तेव्हा. मावशी होती आणि चंदरराव होते.

शेखर : चंदर? तो रेल्वेतला?

यशोदाबाई : मावशी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसली होती, आता घाबरू नकोस.

हर्षाली : चंदरराव कोण?

यशोदाबाई : मालगाडीवर गार्ड होते. बायको बाळंतपणात गेलेली. मावशीच्या शेजारी क्वार्टर. त्यांनी मावशीकडून मला विचारलं होतं.

शेखर : मला हे कुणी सांगितलं नाही.

यशोदाबाई : सांगितलं होतं. घरी सिनेमा बघितल्यानंतर मावशी स्वतः येऊन गेली होती. तू म्हणालास, आपण कदम आहोत, आपल्यात विधवेचा पाट लावत नाहीत. आणि मावशीला चहासुद्धा विचारला नाहीस.

हर्षाली : बाबा!

शेखर : त्या वेळी असंच होतं. आबांसमोर बोलायची कुणाची टाप होती?

यशोदाबाई : आबा काही बोललेच नव्हते. तूच बोलत होतास. आबा तुझ्या तोंडाकडे बघत होते.

हर्षाली : आत्या, टॉकीजमध्ये काय रंग होता?

यशोदाबाई : लिंबू रंग. पडद्यावर तेवढी मोठी बाई आणि तेवढं मोठं ते पातळ. टॉकीजमधल्या बायका बोलायला लागल्या, अगं बाई, हिने रंग नेसला म्हणून. बाहेर आल्यावर चंदरराव म्हणाले, असलं पातळ तुम्हालाही चांगलं दिसेल. मी म्हटलं, घरी विचारते.

हर्षाली : मग विचारलंस?

यशोदाबाई : त्यासाठीच तर मी हाच सिनेमा लावायला सांगितला. हा विचारत होता, कुठला आणू. म्हटलं, सगळे मिळून बघतील, शेवटी ती बाई रंगीत नेसून निघेल, घरात जरा हवा बदलेल. तेवढ्यात मी विषय काढीन. पदरात गाठ मारून बसले होते, विसरायला नको म्हणून. आणि शेवट आला तर पातळ पांढरं. मला वाटलं, माझेच डोळे गेले.

शेखर : यशोदा, मला यातलं काही...

यशोदाबाई : मग तू उठलास. आबांकडे वळून म्हणालास, बघितलंत? याला म्हणतात घराण्याची बाई. गेली पण पांढऱ्यात गेली. आणि आबांनी मान हलवली.

हर्षाली : पण तू तेव्हाच का नाही म्हणालीस? पिवळं आहे, मी पाहिलंय, असं?

यशोदाबाई : तू शिकलेली आहेस ना? तूच सांग. पिवळं आहे म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न काय आला असता? कुठे पाहिलंस. मग कुणाबरोबर. लंकामावशीचं आमच्याकडचं येणं तुटलं असतं आणि माझं घराबाहेर पडणं. रंगाचं मग कुणी विचारलं असतं?

शेखर : ती कॉपी खराब नसती, रंग नीट दिसला असता, तर मी तसं बोललो नसतो. देवाशपथ.

यशोदाबाई : दुसरं काहीतरी बोलला असतास. बघा कशी निर्लज्ज, असं म्हणाला असतास. कॅसेटवर ढकलू नकोस रे. कॅसेट बिचारी झिजलेली होती. तू तर एकोणतिशीचा होतास.

हर्षाली : आत्या, बस. बस ना इथे.

यशोदाबाई : बसायला काय झालंय मला? वर्षभर वाट बघितली त्यांनी. मग भुसावळला बदली मागून घेतली. एवढंच आहे. रडायला लागू नका दोघं, चहा गार झालाय आधीच.

शेखर : मी कधी तुला पांढरं नेस म्हणालो नव्हतो.

यशोदाबाई : नव्हतास. कौतुक करायचास. येईल त्याला सांगायचास, आमची यशोदा बघा. त्या कौतुकातून उठून रंगीत पातळ आणायला दुकानात कशी जाणार होते मी? आता तर छापून आणलंयस.

शेखर : नाही वाटणार ती पुस्तिका.

यशोदाबाई : वाट की. तुझं नाव आहे वर.

शेखर : नाही वाटणार म्हटलं ना! आणि भाषणही नाही करणार. हर्षाली, तो लिंबू रंग ठेव.

हर्षाली : चार वाजता फाइल द्यायचीय हॉलवर. ठेवते. पण नेमका किती पिवळा, ते मला माहीत नाही, बाबा. एसटीवरून अंदाज येतो, पण पिवळ्यातसुद्धा दहा छटा निघतात. मूळ पडद्यावर पाहिलेलं माणूसच लागेल त्याला.

शेखर : चाळीस वर्षांनी कुणाला आठवणार आहे नेमका?

यशोदाबाई : तुला नाही आठवणार. तू तेव्हा भाषण करत होतास. सरक जरा, मला दिसू दे.

हर्षाली : ये, इथे बस. मी हळूहळू वाढवते. बरोबर वाटला की सांग. असा?

यशोदाबाई : हा आजारी माणसासारखा आहे.

हर्षाली : असा?

यशोदाबाई : फार झाला. हळदीकुंकवाला नव्हती चालली ती.

हर्षाली : आता?

यशोदाबाई : थोडा कमी. अजून. पदराजवळ ऊन पडायचं तिथे जरा उजळ होता.

शेखर : यशोदा, मी...

यशोदाबाई : गप्प बस, दादा. बघू दे.

हर्षाली : असा, आत्या?

यशोदाबाई : हां, थांब. घरी विचारते म्हणाले, तेव्हा हाच होता.