भट्टीतला तेरडा

मंडळी, परमेश्वराच्या कामाला लागलेला हात कधीही वाया जात नाही! — असं मी गेली बावीस वर्षं गावोगाव कीर्तनात सांगत आलो. तळसुऱ्याला जाऊन आल्यापासून सांगत नाही. तिथे चाळीस माणसांचे हात लागले होते, आणि तेही हातमोजे घालून.

तर आजचा प्रश्न असा — देवाचं काम साहेबांच्या सोयीने उरकलं, तर ते देवाला पोचतं का? उत्तर देऊ नका! उत्तर तुम्हाला येतं. मलाही येतं. वागतो कसे, तेवढं ऐका.

तळसुरं म्हणजे पऱ्याकाठचं, ओढ्याकाठचं गाव. पऱ्याच्या वर उतार, आणि श्रावण-भाद्रपदात त्या उतारावर तेरडाच तेरडा! त्या गावची गौर म्हणजे मुखवटा नव्हे, मंडळी. तेरड्याची रोपं मुळासकट उपटायची, धुवायची, पानात गुंडाळून वाजतगाजत घरी आणायची. जिथे ती उगवली तिथून. लेकीला आणायला जातो तसं!

मग गावात सुशोभीकरण आलं. आता उतार सुशोभित कसा करतात? सोपं आहे! जेसीबीने फुलं खरवडून काढायची, खाली भिंत घालायची, आणि त्या भिंतीवर रंगाने फुलं काढायची! हसताय काय? अडीच फुटी जास्वंद आहे तिथे. जांभळी!

दोन वर्षं गाव बाजारातून गौर आणत होतं. जुडी बांधलेली, रबरबँड लावलेली. माहेरवाशीण — रबरबँड लावून!

त्या गावात सुगंधाकाकी गोताड म्हणून एक बाई. वय एकाहत्तर. घरात सून वृषाली, लग्नाला तीन वर्षं झालेली. नव्या सुनेने सुपं भरून गौरीपुढे ठेवायची, तो पहिला ओवसा. पण त्याला नक्षत्र जुळावं लागतं, आणि ते तीन वर्षांत जुळलं नव्हतं. यंदा जुळत होतं. काकीने मनाशी ठरवलं — माझ्या सुनेचा ओवसा रबरबँडपुढे भरायचा नाही!

मागच्या नवरात्रानंतर ती खाडीपलीकडे माहेरी गेली आणि तेरड्याचं बी घेऊन आली. तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, तेरड्याचं पिकलं बोंड पाहिलंय कधी? नुसतं बोट लागलं की फट्‌ — बी हातभर लांब! म्हणजे बियांचा बॉम्ब भगवंताने आधीच करून ठेवलाय, मंडळी, आणि त्यासाठी समिती नेमली नाही! म्हातारीने एकेक बोंड मुठीत धरून मुठीतच फोडलं. बी राखेत घालून डब्यात ठेवलं.

मे सरता सरता तिने गोळे करायचं काढलं. लाल माती, चाळलेलं शेणखत, पाणी बेताचं, चिमूटभर बी. लिंबाएवढा गोळा, आणि पाच दिवस सावलीत. उन्हात नाही, सावलीत! कारण भिंतीवरच्या उघड्या उतारावर नुसतं बी टाकलं तर मुंग्या नेतात, नाहीतर पाणी नेतं. गोळ्यात ते धरून राहतं. अडचण एकच — भिंत उंच, आणि काकीचा हात काही तिथवर पोचेना.

तेवढ्यात नंदूशेठ आले. सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष. होय, तेच. उतार खरवडणारे!

"काकी, आयडिया झकास आहे! पण एकट्याने करायची नाही. हजार गोळे करू. पर्यावरण दिन येतोय. तालुक्याचे साहेब येतील, गुलेरीने मारतील थेट वर!"

काकीला गुलेर पटली. डबा दिला तिने. सगळा!

चाळीस माणसं बसली. हातमोजे आले, बॅनर आला, मोदकाचे साचे आले — गोळे एकसारखे हवेत ना! काकीची बोटं जन्मभर भांडी घासून वाकलेली. तिचे गोळे वाकडे. नंदूशेठ म्हणाले, "काकी, राग मानू नका, हे फोटोत बरे दिसत नाहीत." आणि तिने वळलेले पन्नासेक गोळे बादलीत भरून पंचायतीच्या मागे ओतले. जिचं बी, जिची अक्कल, तिचेच!

गोळे केले सोमवारी. कार्यक्रम होता शनिवारी. आणि साहेबांना जमला बुधवार! हवा ढगाळ, गोळे ओले, बोट लावलं तर भोक पडतंय. नंदूशेठनी परातीच्या पराती उचलल्या आणि नेल्या — कुठे? इकबालभाईंच्या बेकरीत!

इकबालभाई म्हणाले, "शेठ, यात बी आहे ना?"

"आहे की!"

"मग भाजून कसं चालेल? एवढं आम्हा पाववाल्यांनाही कळतं."

"मंद आचेवर ठेवा हो! नानकटाईसारखं!"

काकीला कळलं तशी ती पदर खोचून धावली. पोचली तेव्हा शेवटची परात बाहेर येत होती. तिने एक गोळा दगडावर आपटून फोडला. आतलं बी कोळशासारखं. तळहातावर धरलं तिने —

"नंदू, मेलंय रे हे."

"काकी, वरून गरम दिसतं. आत जीव असतो."

"तुझ्या आत आहे काय, बघ आधी! लंगोटात बघितलंय तुला मी. एक ओवसा होता माझ्या सुनेचा!"

"आता साहेब यायचेत हो! पत्रिका वाटून झाल्यात!"

ही पत्रिका बघा, मंडळी! बी मेलं तरी चालतं, पत्रिका मरता कामा नये!

बुधवारी कार्यक्रम झाला. साहेबांनी गुलेर ताणली, गोळा भिंतीवर बसला — टण्ण! — आणि परत साहेबांच्या पायाशी. टाळ्या! काकीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. पहिल्या रांगेत बसवली होती तिला. शालीखाली मुठीत एक भाजलेला गोळा धरून बसली होती ती.

जून गेला, जुलै गेला. उतार लालच्या लाल, नुसती माती. ऑगस्टमध्ये वृषाली हळूच म्हणाली, "आई, बाजारातली आणूया. मला चालेल."

"तुला चालेल गो. तिला चालेल?"

आणि गौरीच्या आदल्या दिवशी हीच सून पंचायतीत दाखला आणायला गेली, ती धावत घरी. "आई, चला! काही विचारू नका, चला!"

पंचायतीच्या मागे, मुतारीच्या भिंतीला लागून, गुडघाभर तेरडा. गुलाबी! म्हातारीच्या वाकड्या गोळ्यांचा. ज्यांचा फोटो निघाला नाही, म्हणून जे भट्टीत गेले नाहीत!

नंदूशेठ धावले. "काकी, इथून? गावची गौर मुतारीमागून? लोक काय म्हणतील!"

"ती उगवली तिथून आणायची, बाबा. जागा मी नाही निवडली. तू ओतलीस."

आता तुमच्याकडे वळतो. येताना दाराशी पोती पाहिली मी. उद्या सकाळी आपल्याकडेही बीजगोळे फेकायचे आहेत, फलकावर माझंही नाव आहे, छान. एक गोळा सहज हातात घेतला. काय खडखडीत! परवा केलेत म्हणे. चार दिवस सूर्य दिसलेला नाही, मंडळी! वाळवलेत कुठे? अध्यक्ष, इकडे बघा. आणि मागच्या खांबाशी बसलेले बेकरीवाले, तुम्ही मान का खाली घातलीत?

उत्तर मगाशीच येत होतं ना सगळ्यांना?

तळसुऱ्यात गौर आली, वाजतगाजत आली. वृषालीचा ओवसा झाला. मुतारीला पाणी अजून नाही.