सुनीताची दुबईची नोकरी

आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगच्या जिन्यात माझ्या कानावर एवढंच पडलं, "कांबळ्यांची सुनीता दुबईला चालली, पण अजून..." आणि मला बघून नाईकबाई गप्प झाल्या. आता अर्धवट ऐकून मला जेवण जाणार का? विरजण मागायच्या निमित्ताने मी थेट कांबळ्यांकडे गेले.

सुनीता सेकंडहँड कॉम्प्युटरसमोर नखं खात बसलेली. पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर चाललेल्या.

"हे काय गं?"

"लिनक्स बनवतेय, काकू, म्हणजे कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती सिस्टीम. नोकरीचं उत्तर आज ईमेलवर येणारेय, आणि सीडीवरच्या तयार लिनक्सला आमचा मोडेम कळतच नाही. मग मोडेमने फोन लावून इंटरनेट मिळणार कसं?"

"दुसरं तयार मिळत नाही?"

"मिळतं, पण तेही सगळ्यांसाठी एकसारखंच. म्हणून मूळ कोड घेऊन आमच्या मशीनपुरतं इथेच बनवतेय. सकाळपासून चाललंय."

"आणि मध्येच लाइट गेली तर?"

"काकू, शुभ बोला ना!"

मग काय, मी बसूनच राहिले. चहा झाला, परत चहा झाला. शेवटी ओळी थांबल्या. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मोडेम किंचाळला आणि थोड्या वेळाने सुनीताही, "लागली! काकू, नोकरी लागली!"

"दुबईला?"

"कंपनी दुबईची. ऑफिस अंधेरीला."

जिन्यात नाईकबाईंना हे सांगितलं, तर त्यांचा चेहराच पडला. त्यांनी सुनीताकडून दुबईच्या अत्तराची बाटली मनातल्या मनात मागवूनसुद्धा टाकली होती.