सतरावी ओळ

हॅलो?… हो चिमे, बोल. पटकन हं, चार वाजता मीटिंग आहे, हॉस्पिटलच्या वेबसाइटच्या तक्रारींची यादी उघडून बसलेय… थांब, मीच सांगते. तुझ्या फोनात साठ टक्के जाऊबाई, पंचवीस टक्के नवरा. झाले पंच्याऐंशी. उरलेलं रविवारी ऐकेन… रडतेस का?… बरं, बरं, नाही चिडवत. बोल.

आईला?… कधी?… दम लागला म्हणजे किती? बोलता येतंय तिला?… मास्क लावलाय… अगं, पण काल डायलिसिस झालं ना तिचं?… नाही? आणि सोमवारचं?… दोन्ही चुकली? चिमे, दोन पाळ्या चुकल्या आणि तू मला आज सांगतेस!… तुलाही आत्ताच कळलं. हो, हो… ओरडत नाहीये मी.

पण चुकली कशी?… पाळी नोंदवलीच गेली नाही?… हो, माहितीये, नोंदणीची खिडकी बंद केली त्यांनी, आता सगळं साइटवरूनच… पान पांढरं होतं? म्हणजे?… बटण दाबलं की नुसतं पांढरं. तिच्या त्या जुन्या फोनवर…

ऐकतेय. जरा थांब.

अगं ऐक ना… तिच्या पिशवीत हॉस्पिटलचं कार्ड असेल. निळं. त्यावरचा नंबर वाच… हवाय मला. वाच ना गं!… चार, शून्य, सात… पुढे?… नऊ, दोन… हं.

नाही, काही नाही. बघतेय… गेल्या आठवड्याची यादी. हजार तक्रारी होत्या. जास्त वेळा आलेली वर, कमी वेळा आलेली खाली, आणि शेजारी बेरीज चढत जाते. फोटो उघडायला वेळ लागतो, एक्केचाळीस टक्के. पासवर्ड विसरलो, इथवर पासष्ट. रिपोर्ट उतरत नाही, इथवर एक्क्याऐंशी. ऐंशी टक्के भरले की तिथे रेघ मारायची. रेघेच्या वरचं आधी दुरुस्त करायचं, खालच्यापुढे 'नंतर' लिहायचं… कोण म्हणजे? मी. मीच मारते रेघ. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं, हिच्यामुळे फापटपसारा गेला म्हणून.

सतराव्या ओळीत आहे… 'जुन्या फोनवर डायलिसिसच्या नोंदणीचं पान कोरं.' चौदा वेळा. हजारात चौदा… त्यातले नऊ या कार्डाचे. शनिवारी पाच, रविवारी चार. शेवटचा रविवारी दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी.

हो, सोमवारी सकाळी माझ्यासमोर होतं ते. पुढे 'नंतर' लिहिलंय. माझ्याच हातचं.

तसं नको म्हणूस. कळलं असतं. ओळ उघडून कार्डं बघायची होती, अर्ध्या मिनिटाचं काम… मी नुसते आकडे मोजले गं. फोटो उशिरा उघडला म्हणून कुणाचं काय अडतं?

आणि ऐक… रविवारी तिचा फोन आला होता मला. जेवणं झाल्यावर, तीन वाजता असेल… गुडघा, मग शेजारीण, मग नळ गळतोय. तिची नेहमीची यादी. अगदी शेवटी म्हणाली, "तुझ्या त्या साइटवर माझं काहीतरी चुकतंय बाई." मी म्हटलं, आई, उद्या अहवाल द्यायचाय, नंतर बघू… "बरं" म्हणाली. एवढंच. तिला वाटलं तीच चुकतेय.

काय?… कोण आलंय? डॉक्टर? बोल, बोल त्यांच्याशी. फोन चालू ठेव…

हं… मशीन मिळालं? नेताहेत आत?… छातीत पाणी. बरं… चपला काय म्हणतेस? चपला राहू देत! तिचा हात सोडू नकोस दारापर्यंत… सांग तिला, मी येतेय. आणि तुझं काही चुकलं नव्हतं, असंही सांग… ऐकलं तिनं? मान हलवली?

निघालेच मी… मीटिंग गेली उडत. पिशवी घेतली, जिन्याकडे… नको, लिफ्ट आलीये.

डॉक्टर काय म्हणाले पण?… टक्के? नको. टक्के नको सांगूस मला, चिमे. बरी होईल की नाही एवढंच सांग… तसं सांगता येत नाही म्हणाले?

… थांब. सांग. किती म्हणाले?… आवाज तुटतोय गं, दार लागलं लिफ्टचं. किती?… परत बोल…

हॅलो?… चिमे?… हॅलो?