कॅमेरा हलवू नकोस

हॅलो? … हां झकिया, मीच, मुंजिया… कुठून म्हणजे? दवाखान्यातूनच. पाय वर टांगलाय माझा, जाणार कुठे? … बरं, ऐक. शिराझला नटवून झालं? … जिलव्याला वेळ आहे ना अजून? मग आधी कॅमेरा हातात घे.

कार्ड रिकामं आहे? … कसले फोटो? … भावोजींनी पकडलेले ऑक्टोपस? पुसून टाक… अगं, विचारतेस काय त्यांना! माझ्या लेकीचं लग्न मोठं की ऑक्टोपस? … हं. आणि दुसरी बॅटरी? … कपाटात ठेवून काय उपयोग, बाई? जवळ ठेव. खिसा नसेल तर छातीशी खोच.

आता कॅमेरा आडवाच धरायचा… नाही, फोटोसारखा उभा नाही, नाहीतर सगळ्या बायका टीव्हीवर झोपलेल्या दिसतील… हो, हो… झूमला हात लावू नकोस, जवळचं हवं असेल तर पायांनी पुढे जा. जिलव्यात सगळ्यांना नटलेली नवरी दिसावी म्हणून चौरंगावर शिराझ गोल फिरेल, तू फिरायचं नाही. तू खांबासारखी उभी राहा.

पुढची बारीक भोकं दिसली? … तो माइक. त्यावर बोट नको. आणि आनंदाची झगारीत घालायची नाही… तू गं, तू. बाकीच्यांना लु-लु करू दे, तुझं तोंड माइकपासून वीतभर लांब असतं… सवय आहे म्हणे! ओठ दाबून धर. आणि हा फोनही लांब ठेव, आवाजात गुरगुर येते.

… मी कशाला रडू? अख्ख्या स्फॅक्स शहरातल्या मुलींचे जिलवे मी कॅमेऱ्यात टिपले, झकिया. माझ्याच मुलीचा तेवढा राहिला. वाईट वाटतंच. आता तू घेशील तेवढाच मला दिसणार, म्हणून डोकं खातेय तुझं.

… आली? दाब बटण. लाल दिवा लागला? … मग बोलू नकोस, ठेव फोन…

काय? … गप्प का बसल्यात सगळ्या? … कोण थांबलंय माझ्यासाठी? … अगं, पहिली झगारीत आईची असते हे मलाही ठाऊक आहे, पण आई इथे खाटेवर पडलीय. माझ्या सासूबाईंना घालायला सांग… नाही म्हणतात? … शिराझही फिरायला तयार नाही?

… थांब. फोन स्पीकरवर टाक… हो. कॅमेऱ्याच्या माइकला लावून धर… मीच नको म्हटलं होतं, माहितीये. गुरगुर येऊ दे. धर… सिस्टर, एक मिनिट हं, रागावू नका.

लु-लु-लु-लु-लु-लु-लु-लुईईई…

… झकिया? पोचला आवाज? … अगं, किती गोंगाट करताय, काही कळत नाही मला… शिराझ रडतेय? रडू दे तिला. तू कॅमेरा हलवू नकोस… तूही? मग रड, पण माइकपासून लांब. ठेवते.