पन्नास लाखांची नोट

तुमसरच्या लहान मुलांच्या दवाखान्यात तृप्ती बाळाला लस द्यायला घेऊन आली होती. शेजारच्या बाकावर आंबागडचे डोमाजी आणि पंचफुलाबाई बसले होते. त्यांची सून नातीला घेऊन आत डॉक्टरांकडे गेली होती.

"पन्नास लाखाची नोट पोट्टीच्या हाती काहून देली?" पंचफुलाबाई नवऱ्यावर खेकसल्या.

"म्या नाई देली. अल्बम उघडा राह्यला."

तृप्तीने वळून पाहिलं, तसे डोमाजी तिला म्हणाले,

"पेरू देशाची हाय, बाई. कवाचीच बंद झाली. तिच्यात आता चायबी भेटत नाई."

"मंग अशा मेलेल्या नोटा जमवता कायले?"

"तुह्या बांगड्या मी मोजतो का?"

"पोटात शाई गेली असन तं?"

"नोटीचा कोपराच गिळला तिनं."

"तुमाले कोपऱ्याचं सुचते."

"मले काई सुचून नाई राह्यलं, पंचफुला."

तृप्तीने आपल्या बाळाच्या तोंडातून केसपेपरचं टोक हळूच काढलं.

दार उघडलं. सून हसतच बाहेर आली.

"काई नाई मामाजी. डॉक्टर म्हणते, कागद उद्यापर्यंत आपोआप निंगून जाईन."

पंचफुलाबाईंनी नातीला मांडीवर ओढून घेतलं.

"आता फेका ते नोट."

डोमाजींनी खिशातून नोट काढली. "फेकतो कायले? पाह्य, इच्यावर पोट्टीचे दात उमटले."

"आना इकडं. खालचे दोन... अन हा वरचा कवा निंगाला व?"