पोथीचं शेवटचं पान

मंडळी, सावरून बसा, एकच विचारतो. मत्सर कुणाचा वाटतो हो? परक्याचा? छे! लंकेत सोन्याच्या विटा असल्या तर तुमची झोप उडते का? नाही! पण आपल्याच माणसाचं चारचौघांत कौतुक झालं, की झाली पोटदुखी सुरू! त्या वहिनी हसल्या बघा. घरचाच अनुभव दिसतोय. तर ऐका.

कृष्णाकाठी आबाशास्त्रींची पाठशाळा होती. आबा थकले. त्यांच्यामागे गादीवर बसायला लायक दोघंच. त्र्यंबक थोरला, वीस वर्षं तिथंच राबलेला. पुरुषोत्तम सहा वर्षं मागून आलेला. आबांनी भरल्या सभेत सांगितलं, 'मूळ' या अर्थाचे शब्द म्हणा. ज्याचे जास्त, गादी त्याची.

त्र्यंबकानं घडाघडा म्हटले— मूळ, उगम, उद्गम, आदि, आरंभ, बीज, प्रभव, उत्पत्ती, स्रोत! नऊ झाले आणि थांबला. पुरुषोत्तमानं तेच नऊ म्हटले, आणि हळूच दहावा जोडला— माहेर. म्हणाला, नदीचं माहेर डोंगरात, असं घाटावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणतात. आबा मनापासून हसले.

मंडळी, त्र्यंबकाला इंगळी डसली! हरल्याचं दुःख नव्हतं हो. आबा हसले, त्याचं दुःख! वीस वर्षांत त्याच्या एकाही उत्तराला ते असे हसले नव्हते.

आता एक रीत उरली होती. गादीवर बसणाऱ्यानं आपल्या हातानं लिहिलेल्या पोथीचं शेवटचं पान सभेत वाचायचं. त्यावर काय? पहिला धडा कुणी दिला, त्याचं नाव. पान नाही तर गादी नाही, ती दुसऱ्याला जायची. आणि पोथ्या सुट्या पानांच्या, फडक्यात बांधलेल्या. दुपारी पंगत बसत होती, तेवढ्यात त्र्यंबक 'पाय धुऊन येतो' म्हणून उठला. पुरुषोत्तमाची पोथी सोडली, तळचं पान ओढलं, न वाचताच उपरण्यात खोचलं. वर येऊन पोटभर जेवला! तूपही मागून घेतलं.

तिसऱ्या प्रहरी सभा भरली. पुरुषोत्तमानं पानं वरखाली केली, चेहरा उतरला. म्हणाला, पान सापडत नाही, पण नाव पाठ आहे.

"कुणाचं?" आबांनी विचारलं.

"त्र्यंबकदादाचं. मी आलो तेव्हा बोबडा होतो, सगळे हसायचे. दादानं महिनाभर गोठ्यात बसवून एकेक अक्षर माझ्याकडून घोटून घेतलं. माझ्या विद्येचं मूळ तोच."

त्र्यंबक हे साफ विसरला होता.

आबांचाही नाइलाज झाला. रीत ती रीत. त्यांनी त्र्यंबकाला गादीवर बोलावलं. समोर गादी, छातीशी पान. गप्प राहिलं की काम फत्ते! तुम्ही काय केलं असतं? माझ्याकडे बघू नका, मनात उत्तर द्या.

तो उठला. दोन पावलं चालला. आणि तेव्हाही मत्सर सुटेना, मंडळी! मन म्हणालं, एवढं मोठं मन, तेही यालाच का? मला का नाही? ती कळ त्याला सोसवेना. त्यानं उपरण्यातून पान काढलं आणि आबांपुढे ठेवलं.

"मी चोरलं," तो म्हणाला. "गादी त्याची आहे."

बसण्याआधी पुरुषोत्तम त्याच्या पाया पडला. त्र्यंबकानं आशीर्वाद दिला. खोटं कशाला सांगू? जळफळाट त्या दिवशी गेला नाही. वर्षभर छळत होता.

सासूबाई, सुनेला भाकरी थापायला तुम्हीच शिकवलंत ना? मग पाहुण्यानं तिच्या भाकरीचं कौतुक केलं, की तोंड वाकडं का? दादा, धाकट्याला दुकानात तुम्हीच बसवलंत ना? आज घरी जा, आणि ज्याचं कौतुक घशाखाली उतरत नाही, त्याचं चारचौघांत मोठ्यानं करा. अवघड आहे! मलाही अजून जमलेलं नाही. म्हणून तर रोज उभा राहून देवाचं नाव घेतो. द्या टाळी, म्हणा— विठ्ठल, विठ्ठल!