मांदेलीची गाठ

मेघाली: मावशी, मी तपासायच्या गाठीची डबी मागितली. हा मासळीचा डबा कशाला काउंटरवर?

पुष्पलता: त्यातच हाय की गाठ! आमच्या मांदेलीच्या छातीची. मांदेली म्हंजे आमची कुत्री गो, मासळी नाय. एडवणला डॉक्टर घरी आले, दुपारी कापून काढली, म्हनाले बोईसरच्या लॅबमधे द्या.

मेघाली: पण यात नुसता बर्फ आहे!

पंढरी: मी सांगत व्हतो...

पुष्पलता: तुमी गप बसा. बाय, डॉक्टरांनी दिलेल्या डबीत फॉर्मलिन भरलेलं. वास आला न् माजं टाळकंच सटकलं. तीस वर्सं मासळी विकते मी. शिळं ताजं दिसावं म्हनून एकानं पापलेटला ते लावलेलं, भर बाजारात त्याची पाटी उलटी केली व्हती. दिलं ओतून! गाठ धुतली, पिशवीत बांधली, बर्फात ठेवली. बघ, कशी ताजी हाय.

मेघाली: अहो, ती खायची नाहीये!

पंढरी: हेच सांगत व्हतो.

मेघाली: मावशी, फॉर्मलिनमध्येच गाठ टिकते. मग पातळ काप करून त्यावर रसायनं टाकतो. गाठीतली कुठली खूण रंगते, त्यावरून तिची जात कळते. जागच्या जागी राहणारी की अंगभर पसरणारी. औषधही त्यावरच ठरतं.

पुष्पलता: म्हंजे मी नासवली? आता कळनारच नाय? अगो बाय माजे, हात झडो माजे!

मेघाली: थांबा, रडू नका. किती वाजता काढली?

पंढरी: दोनला. आता साडेतीन.

मेघाली: बघू द्या... गोठलेली नाही. पिशवीत पाणीही शिरलेलं नाही. वाचलात! लगेच फॉर्मलिनमध्ये टाकते, काम होईल असं वाटतंय.

पंढरी: बर्फाचं हिला बरोब्बर जमतं. बाकी सगळा आनंद हाय.

पुष्पलता: आनि बाय, पसरनारी निघाली तर?

मेघाली: खोटं नाही सांगत, जड जाईल. पण डॉक्टरांना निदान काय करायचं ते कळेल. दहा दिवस लागतील.

पुष्पलता: धा दिवस! तवर तिच्यासमोर हसरं तोंड कसं ठेवू गो मी?

पंढरी: तुज्या तोंडाकडं ती बघते कदी? मासळीच्या पाटीकडं बघते.

पुष्पलता: नाय ओ. सुई टोचली तवा पाटी बाजूलाच व्हती. माज्याकडंच बघत राह्यली.